मागील बाकी

गेल्या चौदा वर्षांत मी जागा सोडलेली नाही, तरी माझ्या नऊ बदल्या झाल्या आहेत. हिंजवडीतल्या एका इमारतीचा चौथा मजला, खिडकीपासून दुसरं टेबल, समोर खांब. खुर्ची तीनदा बदलली, पण ती चाक तुटलं म्हणून. बाकी सगळं जिथल्या तिथे. अधूनमधून वरून एक मेल येतो. त्याचा विषय ठरलेला असतो, 'एक्सायटिंग चेंजेस'. तो वाचेपर्यंत चहा गार होतो, आणि गार चहा संपवून मी कप ठेवते तेव्हा दुसऱ्याच टीममध्ये असते.

माझे बाबा सरकारी खात्यात होते. त्यांची बदली म्हणजे बदली. दारात ट्रक यायचा. आई पितळी डबे गोधड्यांत गुंडाळायची. तुळशीची कुंडी सगळ्यात शेवटी चढायची आणि नव्या गावात सगळ्यात आधी उतरायची. मग बाबा 'रुजू' व्हायचे. शब्द मूळचा अरबी, बी रुजण्याशी त्याचं काही नातं नाही हे मला माहीत आहे. तरी लहानपणी मला वाटायचं की बाबांना त्या ऑफिसात लावतात आणि पाऊस पडला की ते तिथे धरतात. 2005 साली तर महाराष्ट्राने बदल्यांचा कायदाच केला. एका पदावर साधारण तीन वर्षं, आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये. त्यातून वाटा काढणाऱ्यांनी वाटा काढल्या, त्या काढायच्याच. पण निदान वळवाच्या पावसासारखा एक मोसम ठरला. पोरांच्या परीक्षा आटोपतात, मग ट्रक येतो. आमच्या बदल्यांना मोसम नाही. एकदा तर धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सहाला झाली, बहुधा उलट प्रश्न विचारायला जागेवर कोणी नसावं म्हणून.

बाबांचा चार्ज द्यायचा दिवस मला अजून आठवतो. कपाटं उघडून यादी व्हायची. 'लाकडी खुर्ची, नग 6, पैकी 1 चा पाय मोडका.' देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. नवा साहेब पहिल्याच दिवशी पडत नसे, कारण कुठल्या खुर्चीत बसायचं नाही हे त्याला लेखी मिळालेलं असे.

आमच्याकडे चार्जला केटी म्हणतात, म्हणजे 'नॉलेज ट्रान्सफर'. जाणारा माणूस स्क्रीन दाखवत तासभर बोलतो, त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि ते अशा फोल्डरमध्ये जातं, ज्याची परवानगी फक्त जाणाऱ्याच्याच नावावर असते. मोडक्या पायाचं कोणी बोलत नाही. नोटीस नव्वद दिवसांची. त्यातले पहिले ऐंशी 'अजून वेळ आहे' म्हणण्यात जातात, पुढचे नऊ शिल्लक रजेत, आणि शेवटच्या दिवशी केक असतो.

आता वहीचं सांगते.

कंपनीत मशिनचा चहा फुकट आहे. त्या चहाबद्दल चांगलं एवढंच बोलता येतं की तो फुकट आहे. म्हणून 2011 साली मी लागले तेव्हापासून आमची टीम चार वाजता गेटाबाहेर मामांच्या टपरीवर जाते. तेव्हा कटिंग पाच रुपये होता. सुट्ट्या पैशांवरून रोज घोळ व्हायचा, म्हणून महिन्याचा हिशेब ठेवायचं ठरलं आणि 'तुझं अक्षर चांगलं आहे' म्हणून वही माझ्याकडे आली. टीममधली बिनपगारी कामं कोणाकडे आणि कशी जातात यावर कोणाला प्रबंध लिहायचा असेल, तर त्याला हे एक वाक्य पुरे. तेव्हा टीममध्ये सात पुरुष होते. त्यांच्यानंतर पन्नासेक आले. एकाचंही अक्षर आजवर सुधारलेलं नाही.

वही दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर 'श्री'. पहिल्या वर्षाची नावं मी निळ्या पेनने, खाली पट्टीने रेघ मारून लिहिली आहेत. मला वाटलं होतं, ही नावं आता राहणार. 2012 च्या एप्रिलमध्ये, पगारवाढीची पत्रं मिळाल्यावर आठवड्याभरात, पहिलं नाव खोडावं लागलं. ऑगस्टपर्यंत पान असं दिसायला लागलं, की पाहणाऱ्याला वाटावं मला शुद्धलेखन येत नाही. मग मी पेन्सिल आणली. तेव्हापासून नावं पेन्सिलीने आणि आकडे पेनने.

आज त्या वहीचा तिसरा खंड चालू आहे. आमच्या टीमचा खरा इतिहास कुठे असेल तर तो तिथे. ऑर्ग चार्टवर काय, आज चौकोन आहे, उद्या नाही. मागे काही उरत नाही. वहीत सगळं राहतं. 2016 च्या नोव्हेंबरची सहा पानं गच्च भरली आहेत. नोटा बंद झाल्या आणि अख्ख्या मजल्याने मामांकडे उधारी लावली. ज्यांचा आमच्याशी चार्टवर काडीचा संबंध नव्हता, असे अकाउंट्सवाले आणि टेस्टिंगवाले महिनाभर आमच्या वहीत नांदले. त्या मजल्यावर एवढी एकच विलीनीकरणाची योजना कागदाबाहेर आलेली मी पाहिली. नंतर '20 मार्च 2020, चहा 4' अशी एक ओळ, आणि पुढे कोरी पानं. मधल्या दोन वर्षांत टीममध्ये पाच जण आले आणि तीन गेले. त्यातला एक मुलगा नागपूरहून रुजू झाला, दीड वर्ष रोज सकाळी 'माझा आवाज येतोय का?' म्हणाला, आणि नागपूरहूनच कार्यमुक्त झाला. टीमचा एकही चहा त्याने प्यायला नाही. तरी मी त्याचं नाव वहीत लिहिलं आणि पुढे शून्य मांडलं. असू दे. होता ना तो आमच्यात.

पहिल्या खंडातली एक नोंद मात्र तिन्ही खंडांत दर महिन्याला पुढे ओढत आणली आहे. 'मा. बा., को., रु. 86.' मागील बाकी, कोल्हापूरकर, शहाऐंशी रुपये. हा कोल्हापूरकर 2013 साली गेला, केक खाऊन गेला, पण चहाचे पैसे द्यायचे राहिले. नवी मुलं विचारतात, 'को' म्हणजे कोण? एकाने 'कोणीतरी' असा अर्थ लावला होता, तो फारसा चुकीचाही नव्हता. ही बाकी सोडून का देत नाही, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "असं सोडून देता येत नसतं. निर्लेखनाला वरिष्ठांची मंजुरी लागते." आमचे वरिष्ठ सरासरी चौदा महिने टिकतात. त्यांना ही बाकी काय आहे हे समजावून सांगेपर्यंत त्यांचाच केक येतो.

बहुतेक फेररचनांनंतर एक प्रशिक्षण असतं. त्यात ब्रूस टकमन यांनी 1965 साली मांडलेले टप्पे दाखवतात, फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग. म्हणजे माणसं जमतात, भांडतात, रुळतात आणि मग कामाला लागतात. हे मी सात वेळा ऐकलं आहे, सातही वेळा त्याच समोशासोबत. आम्ही जमतो, भांडणापर्यंत व्यवस्थित पोचतो, जरा रुळायला लागतो, आणि मेल येतो. चौथ्या टप्प्याबद्दल मला ऐकीव माहितीच आहे. पाचवा टप्पा टकमनसाहेबांनी मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्याबरोबर जोडला, तो 1977 साली. अ‍ॅडजर्निंग, म्हणजे टीम मोडणं. बारा वर्षं लागली बघा! आपल्याकडे मूर्ती घरात यायच्या आधी विसर्जनाची तिथी ठरलेली असते. दीड दिवसाचा की दहा, एवढंच काय ते घराघरांत वेगळं. माझी सगळ्यात अल्पायुषी टीम अकरा आठवड्यांची होती. तिचे टी-शर्ट बाराव्या आठवड्यात आले.

पण खरी मजा पाहिली ती वाटणीत. 2017 साली आम्ही चौदा जण झालो आणि वरून ठरलं की टीम फार मोठी झाली, दोन करा. सगळे शिकले-सवरलेले, दोघे तर परदेशात राहून आलेले. पण वाटणी म्हटल्यावर प्रत्येकाच्या आतला गाव जागा झाला. वर्गणीतून घेतलेली विजेची किटली कोणाकडे? पांढरा फळा आमच्याकडे आला, तर मार्कर त्यांनी नेले. ज्या मुलाशी मी सहा वर्षं डबा वाटून खाल्ला, तो दुसऱ्या दिवशी 'तुमच्या टीमने' अशी वाक्याची सुरुवात करायला लागला. आणि मग बांध! ग्राहकाने आपला पत्ता बदलायचा, ती स्क्रीन नेमकी दोन्ही वाटण्यांच्या मधोमध आली. तिच्यात बिघाड झाला की आम्ही म्हणायचो ती त्यांची, ते म्हणायचे आमची. शेतात निदान बांध कोरून जमीन आपल्याकडे ओढतात. इथे दोन्ही बाजू रोज थोडा थोडा बांध कोरून जमीन समोरच्याकडे ढकलत होत्या.

मेल्विन कॉनवे नावाच्या गृहस्थाने 1968 साली एका लेखात लिहून ठेवलं आहे की संस्था जे काही घडवते, त्यात तिच्या आतल्या बोलाचालीचा नकाशा उमटतो. आमचं सॉफ्टवेअर त्यांना पाहायला मिळालं असतं, तर त्यांनी ते लेखाला परिशिष्ट म्हणून जोडलं असतं. पत्ता बदलला की त्या स्क्रीनवर खाली दोन बटणं आहेत, 'सेव्ह' आणि 'सबमिट'. ग्राहकाने दोन्ही दाबायची. पहिलं आमचं, दुसरं त्यांचं. 2019 साली दोन्ही टीम पुन्हा एक झाल्या, किटलीही परत आली. बटणं अजून दोन आहेत.

याच काळात चार्टवर तुटक रेघा आल्या. सरळ रेघ ज्याच्याकडे जाते तो आपला बॉस, आणि तुटक रेघ ज्याच्याकडे जाते तो म्हणजे लग्नघरातले मानाचे काका. ठरवायचा अधिकार त्यांना नसतो, पण न विचारता ठरवलं तर ते रुसतात आणि जेवत नाहीत. एक वर्ष मला सरळ एक आणि तुटक तीन रेघा होत्या. तिघांचं मानपान करता करता चौथ्याला मी नक्की काय काम करते हे सांगायचं राहून गेलं. त्यानेही विचारलं नाही.

एकदा काम फारच लांबलं तेव्हा एकदम सहा नवी माणसं दिली. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून 1975 साली पुस्तक लिहून सांगितलं, की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी लांबतं. हे आमच्या वरच्या मंडळींनी वाचलेलं असतं, पुस्तक त्यांच्या मागच्या फळीवर दिसतं. ब्रूक्स यांचं गणित साधं आहे. पाच माणसांत बोलायच्या जोड्या 10 होतात, दहा माणसांत 45. माझ्या आईला हे आकडे न मांडताच माहीत होतं. पंगत खोळंबली म्हणून आणखी चार मावश्या आत पाठवल्या, की प्रत्येक मावशी आधी विचारते, "आमटीत मीठ घातलंय का?" मग कोणीच उत्तर देत नाही म्हणून प्रत्येक जण घालते.

नव्या माणसाला रुळवायचं काम माझ्याकडे, म्हणजे अर्थात वहीच्याच न्यायाने. कंपनी त्याला पहिल्या दिवशी बाटली, पिशवी आणि मूल्यांचं पोस्टर देते. लॅपटॉप नवव्या दिवशी मिळतो. मधले आठ दिवस तो माझा. त्याला लागणारी माहिती त्या पोस्टरवर नसते. उजवीकडची लिफ्ट तिसऱ्या मजल्याला लटकते. शुक्रवारी तीननंतर काही रिलीज करायचं नाही. मीटिंगमध्ये अमुक जण "छान प्रश्न आहे" म्हणाले की प्रश्न तिथेच संपला असं समजायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्रीच्या हिशेबाचा एक प्रोग्राम आहे, तो रात्री चालत नाही. तो दुपारी 4 वाजून 10 मिनिटांनी चालतो. त्याला हात लावायचा नाही.

इथे प्रत्येक नवा माणूस विचारतो, "4 वाजून 10 मिनिटांनीच का?"

"पूर्वीपासून."

पहिला महिना तो या उत्तरावर हसतो. दुसऱ्या महिन्यात जुन्या मेलमध्ये कारण शोधतो. तिसऱ्यात एक प्रस्ताव तयार करतो, त्याला छान प्रश्न असं म्हटलं जातं. आणि सहाव्या महिन्यात मी मामांकडून चहा घेऊन येत असते तेव्हा मला त्याचाच आवाज ऐकू येतो, नव्या आलेल्या कोणाला तरी सांगताना, "पूर्वीपासून." दही लावताना आई भांडं घासूनपुसून ताजं दूध ओतायची, पण चमचाभर कालचं त्यात विरघळलेलं असायचंच. आमचं दूध नऊ वेळा बदललं. आंबटपणा 2011 चाच आहे.

निरोपाचं फार सांगत नाही. सगळ्यांनी पाहिलेलं आहे. समोसा, वेफर्स, केकवर चुकलेलं नाव. मॅनेजर म्हणतो, आपण टीम नाही, कुटुंब आहोत. माझ्या कुटुंबात अजून कोणी हेडकाउंटचा मेल पाठवलेला नाही, पण मी टाळ्या वाजवते. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र कोणाचं विसर्जन होत नाही. दर टीमचा एक ग्रुप, त्याच्या पोटात मॅनेजरला वगळून दुसरा, आणि मॅनेजरचा हेर कोण हे कळल्यावर त्याला वगळून तिसरा. माझ्या फोनमध्ये असे एकवीस आहेत. एका ग्रुपमधले सगळेच्या सगळे कंपनी सोडून गेले, मी सोडून. तिथे अजून वाढदिवस होतात. त्यांच्या दृष्टीने मीच ती, जी मागे राहिली.

या वर्षी जुलैमध्ये पुन्हा मेल आला. नवव्यांदा. नवा प्रमुख बाहेरून येणार होता, दोन कंपन्या आणि एक बंगळूर करून. नाव वाचलं आणि मी वहीचा पहिला खंड काढला.

सोमवारी तो आला. पोट आलं होतं, केस गेले होते, 'काय गं' तसंच होतं. पहिली मीटिंग पाऊण तास झाली, तिच्यात त्याने 'एक्सायटिंग' तीनदा म्हटलं. संपताना नव्या आलेल्या साताऱ्याच्या मुलीने, अजून पहिलाच महिना होता तिचा, हात वर करून विचारलं, "सर, तो प्रोग्राम 4 वाजून 10 मिनिटांनी का चालतो?" आम्ही सगळे एका सुरात तोंड उघडणार, इतक्यात तो हसायला लागला.

"अजून चालतोय? अरे, मला साडेपाचची कंपनीची बस असायची. तो तासभर घ्यायचा. झाला की बघून, पाणीबिणी पिऊन निघता यायचं."

खोलीत कोणी काही बोललं नाही. गेली बारा वर्षं त्या वेळेभोवती आम्ही जेवणं, मीटिंगा, एकाचा साखरपुडासुद्धा ठरवला होता. ती मुलगी म्हणाली, "मग आता रात्री लावूया का?"

तो पंख्याकडे बघत थोडा वेळ विचार करत राहिला.

"नको," तो म्हणाला. "चाललंय ना."

चार वाजता आम्ही मामांकडे गेलो. मामांनी त्याला ओळखलं, मामा सगळ्यांना ओळखतात. मी वही उघडून तिसऱ्या खंडाचं चालू पान त्याच्यापुढे धरलं. तो बराच वेळ वाचत होता. "निर्लेखन करता येईल," मी म्हटलं, "पण वरिष्ठांची मंजुरी लागते. म्हणजे आता तुझीच." मला वाटलं तो सही करेल; वरच्या पदावरच्या माणसांना सही करण्यावाचून राहवत नाही. त्याने फोन काढला, मामांच्या टपरीवर चिकटवलेला कोड स्कॅन केला आणि शंभर रुपये पाठवले.

"चौदा राहू दे जमा. मी आता इथेच आहे."

कटिंग आता पंधराला आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. बाकीवर काट मारली, पेनने 'जमा रु. 14' लिहिलं. मग पेनला टोपण लावलं, पेन्सिलीचं टोक बघून घेतलं आणि समोर त्याचं नाव लिहिलं.